महामती : स्वतः

नट म्हणून हयात घालवलेल्या माणसाला रस्त्यात कुणी ओळखू नये, यासारखा अपमान नाही. आणि दशरथ रणपिसे हा अपमान विश्रांतवाडीच्या भाजीबाजारात रोज सकाळी नव्याने पदरात पाडून घेत असत. ते मुद्दाम सावकाश चालत. मेथीची जुडी उचलून उन्हाच्या दिशेला मान वळवत, म्हणजे ऊन चेहऱ्यावर पडावं. भाजीवाली बायडाबाई त्यांना गेली कित्येक वर्षं एकच वाक्य ऐकवत आली होती. "काका, घ्यायची असंल तर घ्या, नायतर खाली ठिवा. सुकती ती."

यात लोकांचा दोष नव्हता. चाळीस वर्षांच्या नाट्यसेवेत दशरथरावांच्या वाट्याला एक तर पाठमोऱ्या भूमिका आल्या, नाहीतर झाकलेल्या. ऐतिहासिक नाटकात ते भाला घेऊन सिंहासनामागे उभे राहिले. रहस्यनाटकात पहिल्या अंकापासून प्रेत झाले, तेही चादरीखालचं. एका बालनाट्यात ते बैलाचे मागचे पाय होते, आणि त्या वर्षीचं अभिनयाचं पारितोषिक पुढच्या पायांना मिळालं. आवाज मात्र असा घुमारदार, की नाटकात 'पडद्यामागून आवाज' असं पात्र आलं की दिग्दर्शक दुसऱ्या कुणाचं नावच घेत नसत. पोटापाण्याची नोकरीही त्याच वळणाची होती. टेलिफोन खात्यात ट्रंककॉल जोडून द्यायचे. अर्ध्या महाराष्ट्राच्या कानाशी त्यांची ओळख होती, डोळ्यांशी कुणाच्याच नाही.

त्या नोकरीतूनच त्यांना आयुष्यातली सर्वांत मोठी भूमिका मिळाली. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. एक टीव्हीवाला दिग्दर्शक नागपूरचा कॉल लावून बसला होता आणि दर पंधरा मिनिटांनी एक्स्चेंजला छळत होता. शेवटी दशरथराव त्याला म्हणाले, "साहेब, लाइन मिळत नाहीये. मी जागा आहे, आपण झोपा. लागला की उठवतो." तो झोपला की नाही ठाऊक नाही, पण सकाळी खात्यात येऊन "काल मला झोपा म्हणाले ते कोण?" असं विचारू लागला, तेव्हा साहेबांना वाटलं, तक्रार आली. आली होती भूमिका. 'शनीची सफर' नावाच्या वैज्ञानिक मालिकेत अंतराळयानाच्या संगणकाची. संगणकाचं नाव महामती.

महामती म्हणजे प्लायवूडचं एक उभं कपाट होतं, चंदेरी रंग मारलेलं. त्यावर लग्नाच्या मांडवातल्या माळेचे बल्ब लावले होते. आत स्टुलावर दशरथराव. उजव्या हाताने त्यांनी दिव्यांची बटणं दाबायची, डाव्या पायाने एक चक्र फिरवायचं आणि तोंडाने सूर्यमालेचं ज्ञान द्यायचं. त्या काळी बहुतेक पुणेकरांनी संगणक पाहिला होता तो रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीत, तोही पाठीमागून. त्यामुळे कपाटाबद्दल कुणी शंका घेतली नाही. दर भागाच्या शेवटी यानाचा कप्तान विचारायचा, "महामती, जागा आहेस का?" आणि महामती म्हणायचा, "मी जागा आहे. आपण झोपा." त्याबरोबर घराघरांतली पोरं निमूट अंथरुणात जायची. आयांनी त्या कपाटाला किती दुवा दिला असेल!

पण दिग्दर्शकाला गूढ टिकवायचं होतं. पहिला भाग संपला, रणपिस्यांच्या घरात दाटीवाटीने बसलेली अख्खी इमारत श्वास रोखून पडद्यावरची नावं वाचू लागली, आणि नाव आलं – 'महामती : स्वतः'.

"साहेब, तुमचं नाव कुठंय?" खालच्या मजल्यावरच्या बद्रीनाथ दहातोंड्यांनी विचारलं.

दशरथरावांनी उठून टीव्ही बंद केला. त्यांच्यापेक्षा वाईट अवस्था त्यांच्या लेकीची, मैत्रीची झाली. पाचवीतल्या मैत्रीने दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून अभिमानाने सांगितलं, "माझे बाबा कॉम्प्युटर आहेत." बाईंनी तिला खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं. त्यानंतर मैत्रीने तो विषय कधी काढला नाही, आणि दशरथरावांना तो बाक कधी विसरता आला नाही.

मध्ये अकरा वर्षं गेली. ट्रंककॉल गेले, एक्स्चेंजचे बोर्ड गेले, दशरथराव निवृत्त झाले. बाकावर उभी राहिलेली मुलगी खरोखरच कॉम्प्युटरमध्ये शिरली आणि औंधच्या पुढे एका काचेच्या इमारतीत वायटूकेच्या कामाला लागली. एक जानेवारीला दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक वेड्यासारखे करणार, विमानं खाली येणार, लिफ्टा मध्येच अडकणार, असं तेव्हा पेपरात रोज येत होतं. ते होऊ नये म्हणून मैत्रीसारखी शेकडो मुलं तिथे रात्रंदिवस खपत होती.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ती चपला न काढताच स्वयंपाकघरापर्यंत आली. "बाबा, तुम्हाला कंपनीत बोलावलंय!"

"का? काय केलंस तू?"

"मी काही नाही केलं! तुम्ही केलंय!" आणि मग तिने जे सांगितलं ते असं. तिचा टीम लीडर अनिरुद्ध रात्रपाळी करून चहाच्या मशीनपाशी आला आणि जड आवाज काढून म्हणाला, "मी जागा आहे. आपण झोपा." सगळे हसले. मैत्रीच्या तोंडून निघून गेलं, "ते माझे बाबा आहेत." त्यावर सगळे आणखी हसले. अनिरुद्ध म्हणाला, "रणपिसे, आणि माझे बाबा शनी आहेत. आण की मग तुझ्या बाबांना अ‍ॅन्युअल डेला. अख्खी कंपनी लहानपणी महामती बघून झोपलीय."

"मी हो म्हणाले," मैत्री म्हणाली. "बाबा, मी दुसऱ्यांदा बाकावर उभी राहणार नाही हां."

दशरथरावांना तिचं निम्मंच ऐकू आलं होतं. "म्हणजे स्टेजवर? लाइट असणार?"

"चिक्कार."

"तोंडावर?"

"तोंडावर, बाबा."

दशरथरावांनी चहात चमचाभर मीठ घातलं, ढवळलं आणि संपूर्ण कप मिटक्या मारत प्यायले. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई ओट्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. त्यांच्या स्वभावात एवढीच प्रतिक्रिया बसत होती.

बातमी खालच्या मजल्यावर पोचायला जिन्याइतकाच वेळ लागला. बद्रीनाथ दहातोंडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा सल्ला एकदा सुटला की कालव्याच्या पाण्यासारखा टोकाच्या शेतापर्यंत जायचा. वर आले ते पहिल्यांदा स्वतःचं काम घेऊन.

"रणपिसेसाहेब, आमचा टीव्ही एक तारखेला फुटणार का?"

"मला काय ठाऊक?"

"अहो, तुम्ही वर्षभर आत बसला होता. तुम्हाला ठाऊक नाही तर कुणाला?"

मग त्यांनी दशरथरावांना दिव्याखाली उभं केलं, डोळे बारीक केले आणि निदान केलं. "केस काळे करा. पांढऱ्या केसांचा कॉम्प्युटर म्हणजे पोरं म्हणणार, जुनं मॉडेल. आणि अंगावर बंद गळ्याचा कोट पाहिजे. चेहरा दाखवायचा तर त्याला चौकट पाहिजे."

"चेहरा तोच राहणार आहे ना?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "मग झालं. ते कलपबिलप काही लावू नका."

पण चौकट हा शब्द दशरथरावांच्या काळजात जाऊन बसला होता. दुसऱ्याच दिवशी ते बसने शनिवार पेठेत गेले. तिथे नाटकाचे कपडे भाड्याने देणारं दिगंबरपंतांचं दुकान होतं. दारावर पाटी होती, 'विचारल्याशिवाय कपड्यांना हात लावू नये.' खाली दुसऱ्या शाईत, 'विचारल्यावरही लावू नये.' दिगंबरपंत पेपर वाचत होते. तो खाली न घेता ते म्हणाले, "भूमिका?"

"माझीच."

"तसले कपडे ठेवत नाही आम्ही. राजा, वकील, भिकारी, यातलं काही असेल तर बोला."

"सत्कार आहे माझा. मान्यवर दिसायला पाहिजे."

पेपर दोन बोटं खाली आला. दिगंबरपंतांनी दशरथरावांना वरून खाली पाहिलं. "मग बरंच काही लागेल," असं म्हणून ते आत गेले आणि गडद निळा, बंद गळ्याचा, सोनेरी बटणांचा कोट घेऊन आले. "जादूगाराचा आहे. खिसे जरा खोल आहेत, सांगून ठेवतो. मागाहून तक्रार ऐकली जाणार नाही." दशरथरावांनी हे ऐकलं, पण तोवर ते आरशात पोचले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना भाल्याशिवाय पोशाख मिळाला होता!

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग अनिरुद्धचा फोन आला. "सर, मोठा ऑनर आहे आमचा! एकच छोटं काम होतं. स्पीकरसाठी पोलिस परमिशन लागते, आणि अ‍ॅप्लिकेशन मराठीत द्यायचंय. आमचं मराठी सर, बोलण्यापुरतंच. तुम्ही जरा…"

दशरथरावांनी ते जरा केलं आणि तिथेच घात झाला. नटाला आपल्या नाटकांचा हिशेब प्रयोगांत सांगायची सवय असते. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'ज्येष्ठ कलावंत दशरथ रणपिसे (अकराशे प्रयोग) हे कंपनीच्या आवारात संगणकाचा खास प्रयोग करून दाखवणार आहेत.' आणि तो अर्ज स्वतः घेऊन गेले, कारण अशा कामाला माणूस धाडला तर चेहरा कसा दिसणार?

परवानगीच्या टेबलामागच्या कारकुनाने अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला. "प्रयोग?"

"हो."

"संगणकाचा?"

"म्हणजे, मी संगणक असतो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हे बघा, संगणक आणि डिसेंबर या विषयावर वरून पत्रक आलंय. काय काय वापरता प्रयोगात?"

"आवाज."

"आणखी?"

"पूर्वी दिवे असायचे."

"म्हणजे विजेचा प्रयोग. अग्निशमनचा दाखला आणा."

"अहो, प्रयोग म्हणजे नाटकाचा प्रयोग!"

"मग अर्जात नाटक कुठंय? कंपनी आहे, संगणक आहे, प्रयोग आहे." कारकून आता खुर्ची इंचभर मागे सरकवून बसला होता. "याआधी अकराशे वेळा केलाय म्हणता. काही झालं होतं?"

आता मात्र दशरथरावांचा स्वाभिमान दुखावला. ते ताठ झाले. "साहेब, माझे प्रयोग पडलेत. पण फुटला एकही नाही."

कारकुनाने अर्जाच्या समासात लिहिलं, 'काही प्रयोग पडल्याचे अर्जदारास मान्य.'

अग्निशमन दलात सारं पहिल्यापासून झालं. रसायन आहे का, नाही. गॅस आहे का, नाही. मग आहे काय, तर मी आहे. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने दाखला दिला, पण एका अटीवर : प्रयोग संपेपर्यंत दलाचा एक जवान वाळूच्या दोन बादल्यांसह रंगमंचाजवळ हजर राहील. दशरथराव घरी येऊन म्हणाले, "बंदोबस्त देतायत." ते त्यांनी ज्या सुरात सांगितलं त्यावरून दहातोंड्यांचा समज झाला, की गर्दी आवरायला पोलिस येणार. त्यांनी इमारतभर तसं सांगितलं.

कार्यक्रमाच्या दुपारी दशरथरावांनी मोरीचं दार लावून घेतलं आणि कलप लावला. तो केसांना उत्तम बसला, कपाळाला त्याहून उत्तम बसला. भुवयांच्या वर, या कानापासून त्या कानापर्यंत एक काळी रेघ उमटली, आणि ती साबण, खोबरेल, रॉकेल, कशालाच दाद देईना. दहातोंडे म्हणाले, लाइटमध्ये दिसणार नाही. प्रेमलाबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्या घरात हे सर्वांत कडक बोलणं समजलं जाई.

चौघं रिक्षात कोंबून कंपनीच्या फाटकाशी पोचले. पाहुण्यांचा फोटो काढून पास छापणारं नवं यंत्र तिथे बसवलं होतं. दशरथराव कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, हनुवटी वर केली, चेहऱ्यावर जोरदार उजेड पडला आणि पास बाहेर आला. त्यावर काळे केस होते, निळा कोट होता आणि मध्ये पांढरं फटक काहीतरी होतं. अनिरुद्धने यादीत 'महामती सर' असंच लिहून दिलं होतं. संस्था कोणती, असं रखवालदाराने विचारलं. संस्था कसली, मी आपला स्वतःच आलोय, असं दशरथराव म्हणाले. पासावर छापून आलं : महामती – स्वतः. दशरथरावांनी ते वाचलं, दीर्घ श्वास घेतला आणि पास कोटाला लावला.

अनिरुद्ध धावतच आला. हसरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळ्यात ओळखपत्र. तो आत घेऊन गेला. सभागृह खच्चून भरलेलं, चारशे-पाचशे पोरंपोरी, दिव्यांचा झगझगाट. दशरथरावांनी कोट सारखा केला. अहाहा! सगळा उजेड त्या एका व्यासपीठावर पडला होता. आणि त्या उजेडाच्या बरोबर मध्यभागी एक कपाट उभं होतं. प्लायवूडचं. चंदेरी. माळेचे बल्ब लावलेलं.

"सरप्राइज, सर!" अनिरुद्ध म्हणाला. "पोरांनी तीन वीकेंड खपून बनवलंय! आत स्टूल आहे, पंखापण बसवलाय."

दशरथराव त्या कपाटाकडे बघत राहिले. त्यांना राग आला नाही. रडू आलं. कोट, कलप, शनिवार पेठ, अग्निशमन, सगळं करून माणूस इथवर यायचा, आणि शेवटी पुन्हा आत जाऊन कडी लावायची?

"मी आत बसणार नाही," ते म्हणाले.

"पण सर, मग लोकांना कळणार कसं?"

"बघतील की! तोंड आहे मला."

पहिल्या रांगेत प्रेमलाबाई, दहातोंडे आणि मैत्री बसली. त्यांच्या शेजारी अग्निशमन दलाचा जवान, धोंडिबा, शिरस्त्राण घालून, पायांशी दोन बादल्या घेऊन बसला होता. पुकारा झाला, "आपल्या सगळ्यांच्या बालपणाचा आवाज, महामती!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दशरथराव कपाटाला वळसा घालून पुढे आले आणि उजेडात उभे राहिले.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावरून घसरून कपाटाकडे जात होत्या. अजून काहीतरी निघेल, अशी वाट बघत होत्या.

"हे कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणाचे तरी फादर असतील यार."

दशरथरावांनी हात जोडले. "उपस्थित रसिकहो," त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण तो आवाज त्यांचा नव्हताच. घसा सुकून बक्षीस समारंभातल्या अध्यक्षासारखा किनरा सूर लागला होता. भाषणाचा कागद काढायला त्यांनी खिशात हात घातला. खिसा खरोखरच खोल होता. कागदाऐवजी तळाशी एक रेशमी रुमाल लागला. तो ओढला तर त्याला गाठ मारलेला पिवळा निघाला, मग हिरवा, मग गुलाबी. दशरथराव ओढत राहिले, रुमाल येत राहिले.

"मॅजिक शो आहे काय?" सभागृहात हशा उसळला. "ओरिजिनल आणा! ओरिजिनल!"

अनिरुद्धने मैत्रीकडे पाहिलं. मैत्री मान खाली घालून आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. कान लालबुंद झाले होते. दशरथरावांनी वरून ते पाहिलं आणि त्यांना पाचवीचा वर्ग दिसला. त्या क्षणी ते कपाटात जायलासुद्धा तयार झाले असते.

पण अनिरुद्धने काहीतरी सावरावं म्हणून बाजूच्या पोराला खूण केली आणि त्याने कपाटाचे बल्ब लावले. बल्ब लागले, लुकलुकले, चर्र असा आवाज झाला आणि कपाटाच्या माथ्यावरून धुराची एक बारीक रेघ वर गेली.

धोंडिबा संध्याकाळपासून ज्यासाठी बसला होता ते घडलं. "सरका!" अशी आरोळी ठोकून तो व्यासपीठावर चढला. एक बादली त्याने कपाटावर रिकामी केली. दुसरी कपाटाच्या दिशेने फेकली, पण वाटेत दशरथराव होते. मग भिंतीशी धावत जाऊन त्याने मेन स्विच खाली ओढला.

सगळीकडे मिट्ट काळोख. बोट दिसेना.

"वायटूके!" कुणीतरी किंचाळलं.

"अजून पंधरा दिवस आहेत!"

"मग आपलं कुठं चुकलं?"

खुर्च्या पडू लागल्या. सगळे एकदम दाराकडे लोटू लागले. कुणाचा तरी पाय तुडवला गेला, एक मुलगी घाबरून रडू लागली, दहातोंडे ओरडून सर्वांना वेगवेगळ्या दिशा सांगू लागले. चारशे माणसं एका दारात, काही बरंवाईट व्हायला वेळ लागला नसता.

व्यासपीठावर दशरथराव एकटे उभे होते. त्यांना कुणी बघत नव्हतं. आणि काय गंमत, त्यांचा घसा मोकळा झाला. हा काळोख त्यांच्या ओळखीचा होता, चादरीखालचा, पडद्यामागचा, प्लायवूडच्या आतला. आवाज आपोआप बेंबीपाशी उतरला आणि तिथून वर आला, शांत, रुंद, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत.

"घाबरू नका. जागचे हलू नका. मी जागा आहे."

सभागृह थांबलं. रडणारी मुलगी थांबली. दहातोंडेसुद्धा थांबले!

मग पहिल्या रांगेतून, काळोखातून, एक कापरा आवाज आला. वडिलांना आयुष्यात कधी अरेतुरे न केलेल्या मुलीचा.

"महामती… जागा आहेस का?"

आणि तिच्या मागोमाग अख्खं सभागृह, चारशे गळे, एका सुरात, दहा वर्षांची पोरं होऊन. "महामती, जागा आहेस का?"

दशरथराव एक पळ गप्प राहिले. ते थांबणं पूर्वी कप्तानाला आवडायचं.

"मी जागा आहे," ते म्हणाले. "आपण झोपा."

त्यानंतर जो कल्लोळ झाला तो सांगायला टाळ्या हा शब्द अपुरा आहे. मुलं शिट्ट्या मारत होती, खुर्च्या बडवत होती. कुणीतरी मैत्रीला खांद्यावर उचललं. "रणपिसे! खरंच तुझे बाबा!" असं अनिरुद्ध काळोखातच ओरडत होता, आणि मैत्री हसत होती आणि रडत होती.

मग धोंडिबाने स्विच वर केला. उजेड पडला आणि कल्लोळ जरासा अडखळला. व्यासपीठावर, वाळूने माखलेल्या कोटात, कपाळावर काळी रेघ आणि खिशातून गुडघ्यापर्यंत लोंबणारे रुमाल अशा थाटात एक गृहस्थ उभे होते. पोरं त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना काही केल्या तो आवाज त्या चेहऱ्यावर बसवता येत नव्हता.

अनिरुद्ध वर आला. त्याचे डोळे ओले होते. "सर, माझी आई रात्रपाळीला असायची. मी घरी एकटा असायचो. तुमचं ऐकूनच झोपायचो." तो घुटमळला. "एक रिक्वेस्ट आहे. मी डोळे मिटतो. परत एकदा म्हणाल?"

दशरथराव म्हणाले. बघता बघता मागे रांग लागली, पार दारापर्यंत. एकेक जण पुढे यायचा, हात जोडल्यासारखा उभा राहायचा, डोळे घट्ट मिटायचा, आणि दशरथराव हळूच म्हणायचे, "मी जागा आहे. आपण झोपा." धोंडिबाही शिरस्त्राण काखेत घेऊन रांगेत आला होता. दहातोंडे दोनदा आले.

सुरुवातीला दशरथरावांना वाईट वाटलं. एवढा कोट, एवढा उजेड, आणि चारशे माणसं समोर येऊन डोळे मिटतायत! पण मग त्यांच्या ध्यानात आलं, की कपाटात असताना त्यांनी कधी एकही प्रेक्षक पाहिला नव्हता. आता ते बघत होते. दमलेले, जागरणाने सुजलेले चेहरे, एका वाक्यासरशी सैल पडत होते, लहान होत होते. त्यांनी प्रत्येक चेहरा पोटभर पाहून घेतला. घाई केली नाही. मैत्री आली, तिने डोळे मिटले, तेव्हा तर त्यांना वाक्यच आठवेना.

सगळ्यात शेवटी प्रेमलाबाई आल्या. समोर उभ्या राहिल्या आणि टक लावून बघू लागल्या.

"तू नाही मिटलेस डोळे?"

"मी कशाला मिटू? आवाज घरात रोजच ऐकते. मी कोट बघायला आले होते."

त्यांनी पदराचं टोक जिभेने ओलं केलं, दशरथरावांच्या कपाळावरची काळी रेघ खसाखसा पुसून पाहिली, ती निघाली नाही, तशी दोन पावलं मागे सरून पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"दिसताय बरे," त्या म्हणाल्या.